साडूभाऊंचं बोट

पनवेलच्या खाडीपासून तळोज्याच्या धुरांड्यांपर्यंत शोधून आलात तरी माझ्या थोरल्या साडूंसारखा माणूस तुम्हाला दुसरा सापडणार नाही, आणि चुकून सापडलाच तर त्याला तिथेच राहू द्या, इकडे आणू नका. एकालाच सांभाळताना आमच्या दोन्ही घरांच्या नाकी नऊ आलेले आहेत. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. पेशाने शास्त्रज्ञ, राहायला खांदा कॉलनीत, आणि संशोधन मधुमेहावर. आता मधुमेहावर बोलणारी माणसं आपल्याकडे काही कमी नाहीत. कुणी कारल्याचा रस सांगतं, कुणी मेथीचे दाणे, कुणी जांभळाच्या बियांची पूड. पण साडूभाऊंचा मधुमेह ताटातही नसतो आणि बाटलीतही नसतो. तो पेशीच्या दारात असतो. गेली तीसेक वर्षं हा माणूस शरीरातल्या एका सूक्ष्म पेशीच्या दाराला कान लावून उभा आहे, आणि आत जे काय ऐकू येतं ते जो भेटेल त्याला थांबवून सांगतो आहे. जो भेटेल त्याला म्हणजे अक्षरशः जो भेटेल त्याला. कॉलनीतला इस्त्रीवाला, रिक्षावाला, गॅस सिलिंडर घेऊन आलेला माणूस, ह्या सगळ्यांना इन्सुलिनचा रिसेप्टर म्हणजे काय ते पाठ आहे. मी न्हावा शेव्याला एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात आयुष्य काढलं, माझा आणि जीवशास्त्राचा संबंध दहावीला सुटला, पण साडूभाऊंच्या कृपेने आज मी ह्या विषयावर अर्धा तास बोलू शकतो. ऐकणारा कुणी मिळत नाही, ही गोष्ट वेगळी.

त्यांच्या नावाआधी डॉक्टर लागतं, आणि हे त्यांच्या आयुष्यातलं एक मोठं दुखणं आहे. दारावरच्या पाटीवर 'डॉ.' बघून सोसायटीतली माणसं कोणत्याही वेळी बेल वाजवतात. कुणाचा घसा बसलेला असतो, कुणाच्या पाठीत उसण भरलेली असते. साडूभाऊ दार उघडून अत्यंत नम्रपणे सांगतात, "अहो, मी माणसांचा डॉक्टर नाही, पेशींचा आहे. तुमची एखादी पेशी बशीत घालून आणलीत तर बघतो." एकदा एका आजींनी खरोखरच बशी आणली होती. त्यात पेशी नव्हती, नातवाचा पडलेला दात होता. साडूभाऊंनी तो उलटसुलट करून बघितला, दात छान आहे म्हणून सांगितलं, आणि मग आजींना खुर्चीवर बसवून म्हणाले, "आता आलाच आहात तर बोट द्या."

हे "बोट द्या" म्हणजे साडूभाऊंचा नमस्कार. लोक एकमेकांना भेटल्यावर कसे आहात विचारतात. साडूभाऊ विचारत बसत नाहीत, तपासतात. साखर मोजण्याचं ते छोटं यंत्र त्यांच्या शर्टाच्या खिशात कायम असतं, जिथे इतर माणसं पेन ठेवतात तिथे. आधी पाहुण्याला बेसिनकडे पिटाळायचं, साबणाने हात धुवायला लावायचे, मग पुसायला स्वच्छ पंचा, मग सुई, मग रक्ताचा थेंब, आणि आकडा आला की चहात साखर किती घालायची ह्याचा हुकूम आत स्वयंपाकघरात. ताईंकडे, म्हणजे माझ्या मेहुणीकडे, कुणाला कसा चहा हे ह्यावर ठरतं. माझी स्वतःची दहा बोटं त्यांनी इतक्या वेळा टोचली आहेत की हल्ली मी त्यांच्या घरात शिरतानाच एक बोट पुढे करून शिरतो. चिडचिड होते, नाही असं नाही. पण कॉलनीत निदान चार घरं अशी आहेत जिथला आजार साडूभाऊंच्या ह्या आगाऊपणामुळे वेळेत कळला, आणि त्या चारही घरांतून गौरी-गणपतीला त्यांना जेवायचं आमंत्रण असतं. तिथेही ते आधी बोटं टोचतात आणि मग पानावर बसतात.

त्यांचं संशोधन मला कळलं ते एका आगरी गृहस्थांमुळे. साडूभाऊंची इमारत ज्यांनी बांधली आणि नंतर तिच्याच तळमजल्यावर जे राहायला आले, त्यांना आम्ही सगळे शेठ म्हणतो. पनवेल-उरणच्या बाजूला त्यांच्या वडिलांची भातशेती आणि मिठागर होतं. त्यांनी स्वतः बिल्डिंगी उभ्या केल्या. त्यांना साखरेचा त्रास निघाल्यापासून साडूभाऊंची आणि त्यांची घट्ट मैत्री आहे. एकदा साडूभाऊ त्यांना समजावत होते, "हे बघा शेठ, साखर रक्तातून फिरत असते, पण तिला पेशीत शिरायला दार लागतं. इन्सुलिन येतं आणि बाहेरची बेल वाजवतं. ती बेल म्हणजे रिसेप्टर. बेल वाजली की आतला एक माणूस दुसऱ्याला हाक मारतो, दुसरा तिसऱ्याला, असं करत निरोप आत पोचतो, आणि मग आतल्या गोडाऊनमध्ये ठेवलेलं दार आणून भिंतीत बसवतात."

शेठ दचकले. "म्हंजे दार आधीपासून भिंतीला नाय?"

"नाही ना! तीच तर गंमत आहे. आत ठेवलेलं असतं. निरोप आला की बाहेर आणायचं."

"डॉक्टर, असा फ्लॅट मी इकला असता तर लोकांनी मला सोडला असता काय? भिंत इकडं आनि दार गोडावनात!"

"आणि मधुमेहात काय होतं, तर बेल वाजते पण आतली माणसं हलत नाहीत."

हे ऐकलं आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आमच्या बंदरात हेच तर चालायचं. कंटेनर गेटवर उभा, कागद आलेले, सह्या झालेल्या, आणि आतला एक माणूस जागचा हलत नाही म्हणून मागे ट्रेलरची रांग थेट हायवेपर्यंत. मी हे साडूभाऊंना सांगितलं तर ते इतके खूश झाले की त्यांनी मला मिठी मारली. त्यानंतर त्यांच्या एका व्याख्यानात त्यांनी हा दाखला माझ्या नावासकट दिला, अशी माझी पक्की माहिती आहे.

पण समजावून सांगण्याची ही हौस एकदा चांगलीच महागात पडली. नवीन पनवेलला एका हॉलमध्ये आमच्या भाच्याचं लग्न होतं. अक्षता पडल्या, आणि जेवणाला उशीर. मंडळी भुकेने कावलेली. कुठल्याही शहाण्या माणसाने अशा वेळी गप्प बसावं. साडूभाऊंना मात्र समोर शेदीडशे श्रोते दिसले. त्यांनी नात्यातल्या पाचसहा काकामामांना हॉलच्या दारापासून जेवणघराच्या दारापर्यंत एका रांगेत उभं केलं. पहिला मी, रिसेप्टर म्हणून. वधूचे मामा फेट्यासकट इन्सुलिन झाले. त्यांनी येऊन माझ्या हातावर टाळी दिली, मी पुढच्याच्या खांद्यावर थाप मारली, त्याने त्याच्या पुढच्याच्या, आणि शेवटच्याने जेवणघराचं दार उघडलं. टाळ्या पडल्या. साडूभाऊ म्हणाले, "हे निरोगी शरीर! आता दुसऱ्यांदा बघा." दुसऱ्यांदा टाळी आली, थाप आली, आणि मधोमध उभ्या असलेल्या एका गृहस्थांना नेमका फोन आला. त्यांचा ट्रान्सपोर्टचा धंदा, कुठेतरी गाडी अडकलेली. त्यांनी रांगेकडे पाठ फिरवली आणि फोनवर ओरडायला लागले. निरोप तिथेच थांबला. साडूभाऊ आनंदाने उडालेच. "हाच! हाच तो!" ते त्या गृहस्थांकडे बोट दाखवून सगळ्या हॉलला सांगू लागले, "ह्याच्यामुळेच सगळं अडतं! रोगाचं मूळ हेच!" ते गृहस्थ म्हणजे नवरदेवाच्या आत्याचे यजमान. ते रुसले, आत्या रुसल्या, त्यांच्याकडचे सगळे पाहुणे न जेवता गाड्यांत जाऊन बसले. त्यांना समजावून खाली उतरवेपर्यंत जिलबी गार झाली. साडूभाऊ मात्र शेवटपर्यंत विचारत होते, "पण प्रात्यक्षिक उत्तम झालं की नाही?"

जेवल्यानंतरचं त्यांचं वागणं तर विचारूच नका. चालायला लागलं की स्नायूंच्या पेशींची दारं बेल न वाजवताच उघडतात, असं त्यांचं शास्त्र सांगतं, आणि ते खरंही आहे म्हणे. म्हणून त्यांच्या घरी जेवलेला माणूस बसू शकत नाही. हात धुऊन झाले की सगळ्यांनी दिवाणखान्यातून गॅलरीत, गॅलरीतून स्वयंपाकघरात अशा फेऱ्या घालायच्या. शिवाय प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींना ठराविक वेळी खायला घालावं लागतं, म्हणून ऐन लक्ष्मीपूजनाला हा माणूस निरांजन ताईंच्या हातात देऊन स्कूटरवर बसतो. "लेकरं उपाशी आहेत," असं जाताना सांगतो. मोबाइलमध्ये नातवंडांचे फोटो दाखवावेत तसे ते प्रयोगात उमटलेल्या, कसल्याशा करड्या कागदावरच्या काळ्या पट्ट्यांचे फोटो दाखवतात आणि "हा पट्टा किती गुटगुटीत आलाय बघा," म्हणून आपल्याकडून कौतुकाची अपेक्षा करतात. वारा तळोज्याकडून वाहायला लागला की आम्ही सगळे खिडक्या लावतो. साडूभाऊ खिडकी उघडून नाक वर करतात आणि आज कुठलं रसायन सुटलंय ते सांगतात. आणि कुठलीही गोष्ट तीनदा पडताळल्याशिवाय ते खरी मानत नाहीत. कुलूप तीनदा ओढून बघतात, मीठ तीनदा चाखून बघतात. ताईंना लग्नाला होकार आहे का, हेही त्यांनी तीनदा विचारलं होतं म्हणतात. ताई म्हणतात, दुसऱ्या वेळेलाच नाही म्हणणार होते, पण दया आली.

ह्या सगळ्यात एक गोष्ट आमच्या कुणाच्याच लक्षात आली नव्हती. साऱ्या पनवेलची बोटं टोचणाऱ्या ह्या माणसाने स्वतःचं बोट कधीही टोचलेलं नव्हतं. लक्षात आलं ते गेल्या मे महिन्यात.

रविवार होता. ताईंनी आम्हाला आमरसाच्या जेवणाला बोलावलं होतं. आमरस साडूभाऊच काढतात, तोही हाताने. मिक्सरमधला आमरस त्यांच्या मते आमरस नव्हेच. आम्ही पोचलो तेव्हा ते स्वयंपाकघरात पाटावर बसून, बाह्या दुमडून, कोपरापर्यंत पिवळे होऊन आंबे पिळत होते. त्यात त्या दिवशी नळाला पाणी नव्हतं. कुठेतरी जलवाहिनीचं काम निघालं होतं आणि टँकर संध्याकाळी येणार होता. ताईंनी एक पिंप जेवणापुरतं राखून ठेवलं होतं आणि त्याला कुणी हात लावला तर खैर नाही असं जाहीर केलं होतं. साडूभाऊंनी हात ओल्या फडक्याला पुसले आणि बाहेर आले. तेवढ्यात शेठ आले. त्यांच्याकडे स्वतःची बोअर, त्यामुळे आंघोळ करून, कडक इस्त्रीचा सदरा घालून आलेले. आल्या आल्या त्यांनी बोट पुढे केलं. आकडा छान आला. इतके दिवस पथ्य सांभाळून, फेऱ्या घालून त्यांची साखर पहिल्यांदाच अशी शहाण्यासारखी वागली होती. शेठना आनंद आवरेना. आणि त्या आनंदात ते म्हणाले, "डॉक्टर, तुमी आमची सगल्यांची बोटं टोचता. आज तुमची पाली!"

"माझी कशाला," साडूभाऊ म्हणाले.

"कशाला म्हंजे? तुमची किती हाय ती आमाला कलूं द्या की!"

"माझी दरवर्षी संस्थेत होते."

"कधी झाली?" ताईंनी स्वयंपाकघरातून विचारलं. त्या पदराला हात पुसत बाहेर आल्या. "तपासणीच्या दिवशी दरवर्षी ह्यांच्या पेशी आजारी पडतात. मला वाटायचं खरंच पडतात."

साडूभाऊंनी घड्याळाकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, सुई नवीन नाही म्हणाले. सुया नव्या होत्या. आता जेवायची वेळ झाली म्हणाले. पोळ्या व्हायच्या होत्या. शेवटी सगळेच हसत हसत मागे लागले आणि त्यांनी स्पिरिटचा बोळा बोटाच्या टोकावर फिरवला, सुई टोचली, थेंब यंत्राला लावला. आम्ही सगळे पुढे वाकलो. आकडा तीनशेच्या वर गेला होता.

शेठना पहिल्यांदा कंठ फुटला. "मशीन बिघडली असंल."

"आत्ताच तुमची घेतली," साडूभाऊ म्हणाले. "यंत्र उत्तम आहे." आणि ते खाली बसले.

त्यानंतरचं जेवण मला आठवावंसं वाटत नाही. वाट्यांमध्ये रस भरलेला होता आणि त्याच्याकडे बघायचा कुणाला धीर होत नव्हता. जेवल्यावर कुणी फेऱ्या घातल्या नाहीत. माझी बायको हळूच म्हणाली, "भाऊजी, परत एकदा घ्या ना." साडूभाऊंनी मान हलवली. ताई म्हणाल्या, "अहो, भाजीतलं मीठ तुम्ही तीनदा बघता. हे एकदाच बघून खरं मानता?" यंत्र त्यांनी खिशातून काढून फ्रिजवर ठेवलं. त्या क्षणी मला कळलं, की दुसऱ्यांदा बघितलं आणि तोच आकडा आला तर तो खरा होईल, ह्या भीतीने हा माणूस गार पडला आहे. मला त्यांचा राग येईना, हसू येईना. नुसती काळजी वाटली.

संध्याकाळी मी त्यांना बळेच खाली घेऊन गेलो. शेठ इमारतीच्या दाराशी खुर्ची टाकून बसले होते, तोंड एवढंसं करून. "माज्यामुलं झाला सगला," ते म्हणाले. "मी गप बसलो असतो तर काय बिघडत होता?" साडूभाऊंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि आम्ही पुढे गेलो. बागेतल्या बाकावर बसल्यावर ते बोलले. त्यांचे वडील, म्हणजे दादा, इथेच एसटीत कंडक्टर होते, हे मला माहीत होतं. मधुमेहाने गेले, हेही माहीत होतं. पण आधी पायाची बोटं गेली, मग पाऊल गेलं, आणि दिवसभर बसमध्ये उभा राहणारा तो माणूस शेवटची वर्षं खाटेवर बसून राहिला, हे साडूभाऊंनी इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं.

"मला लहानपणापासून ह्याची भीती वाटते, साडूभाऊ," ते म्हणाले. मीही त्यांना साडूभाऊच म्हणतो आणि तेही मला. "लोकांना वाटतं मला ह्या विषयाची आवड आहे. आवड कसली? भीती आहे. भीतीपोटी मी त्याच्या मागे लागलो, म्हणजे तो माझ्या मागे लागणार नाही. तीस वर्षं मी त्या दारात पहारा दिला, आणि तो माझ्याच घरात येऊन बसला. आता मी कुठल्या तोंडाने लोकांना सांगू?"

मी म्हणालो, "उद्या सकाळी लॅबमध्ये जाऊ. मी येतो बरोबर." ह्या माणसाचं काही बरंवाईट झालं तर आमच्या बोटांची चौकशी कोण करणार, असं काहीतरी वेड्यासारखं मनात येत होतं.

सोमवारी सकाळी आम्ही जुन्या पनवेलमधल्या एका लॅबमध्ये गेलो. बाकावर सातआठ माणसं उपाशीपोटी बसलेली. एरवी साडूभाऊंनी त्यांना रांगेत उभं करून पेशीचं दार उघडून दाखवलं असतं. आज ते कोपऱ्यात बसले आणि समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचत राहिले. उपाशीपोटीचं रक्त दिलं. मग खाऊन दोन तासांनी पुन्हा द्यायचं होतं, म्हणून आम्ही समोरच्या हॉटेलात डोसा खाल्ला. बिल देऊन मी सवयीने चालायला उठलो, तर ते म्हणाले, "नको. आज चालायचं नाही. चालून आकडा खाली आणला तर ती फसवणूक होईल. जे आहे ते दिसू दे." आणि दोन तास हा माणूस त्या लाकडी खुर्चीवर ताठ बसून राहिला. मी शेजारी. मध्येच शेठ गाडी घेऊन आले आणि समोर बसले. दुसरं रक्त देऊन झाल्यावर त्यांनी तीन चहा मागवले. चहा तिघांनीही बिनसाखरेचा घेतला.

रिपोर्ट संध्याकाळी फोनवर आला. सगळे साडूभाऊंच्या घरी जमलो होतो. फोन वाजला तसा त्यांनी तो माझ्याकडे दिला. "तुम्ही वाचा." मी चष्मा लावला. कंटेनरचे नंबर वाचण्यात माझा हातखंडा आहे, पण त्या दिवशी अक्षरं नाचत होती. मी उपाशीपोटीचा आकडा वाचला. खाल्ल्यानंतरचा वाचला. तीन महिन्यांची सरासरी वाचली. साडूभाऊंनी डोळे मिटून घेतले होते. "पुन्हा," ते म्हणाले. मी पुन्हा वाचले. "पुन्हा एकदा." तिसऱ्यांदा वाचून झाले तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "नॉर्मल आहे. सगळं नॉर्मल आहे." ताई होत्या तिथेच जमिनीवर बसल्या आणि हसायला लागल्या. माझी बायको रडायला लागली. शेठनी "गणपती बाप्पा मोरया!" अशी आरोळी ठोकली, की समोरच्या इमारतीतली माणसं गॅलरीत आली. माझ्या छातीवरून कुणीतरी भरलेलं पोतं उतरवून ठेवल्यासारखं वाटलं.

आणि दोनच मिनिटांत आमचे नेहमीचे साडूभाऊ परत आले. भुवया जवळ आल्या. "मग काल काय झालं?" ते म्हणाले. "चूक कुठे झाली?" ते घरभर फिरायला लागले. फ्रिजवरचं यंत्र घेतलं, उलटसुलट बघितलं. फ्रिज उघडला, बंद केला. मग परत उघडला आणि तसेच उभे राहिले. आत उरलेले आंबे होते. त्यांनी स्वतःच्या बोटांकडे बघितलं, आणि कपाळावर हात मारून घेतला.

"आंबा!" ते ओरडले. "आंबा पिळलेले हात! पाणी नव्हतं म्हणून फडक्याला पुसले! स्पिरिटने जंतू मरतात, गोड जात नाही हो! त्यासाठी साबणपाणीच हवं. ते रक्त माझं, आणि साखर आंब्याची!"

ताई शांतपणे म्हणाल्या, "जो येईल त्याला हात धुवायला पाठवणारे तुम्ही."

"मूर्ख आहे मी," साडूभाऊ म्हणाले. स्वतःचा मूर्खपणा सापडल्यावर एवढा खूश झालेला माणूस मी आयुष्यात बघितलेला नाही. पण नुसतं म्हणून भागतं थोडंच? पडताळा हवा. त्यांनी आम्हा सगळ्यांना एकेक आंबा दिला. पिळा म्हणाले. पिळून झाल्यावर तेच ओलं फडकं, तोच स्पिरिटचा बोळा, सुई, थेंब. माझा आकडा त्यांच्या कालच्या आकड्याच्याही पुढे गेला. माझ्या बायकोचा तसाच. शेठचा बघून शेठ म्हणाले, "ह्या हिशोबान मी कालच मेलो व्हतो!" मग बेसिनवर रांग. नळाला आता टँकरचं भरपूर पाणी होतं. साबणाने हात धुऊन, कोरडे करून पुन्हा सुई, पुन्हा थेंब, आणि सगळ्यांची साखर मुकाट्याने जागेवर. असं त्यांनी तीनदा करून घेतलं. आमच्या बोटांची चाळण झाली, पण कुणी कुरकुर केली नाही. नंतर तो पिळलेला रस ताईंनी वाट्यांत वाढला, आणि कालचा नि आजचा मिळून आम्ही पोट फुटेस्तोवर आमरस खाल्ला. शेठना मात्र त्यांच्या वाटणीचा अर्धाच मिळाला, बाकीचा साडूभाऊंनी त्यांच्या हातातून काढून घेतला.

जायला निघालो तेव्हा साडूभाऊ गॅलरीत एकटेच उभे होते. मी निरोप घ्यायला गेलो. खाली टँकरवाला पाइप गुंडाळत होता, आकाशात एक विमान नव्या विमानतळाकडे उतरत होतं. साडूभाऊ म्हणाले, "पूर्वी हे यंत्र नव्हतं. दादांची लघवी तपासायला लागायची. काचेच्या नळीत निळं औषध घालायचं, त्यात थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर तापवायचं. साखर असली की रंग बदलायचा. हिरवा, पिवळा, नारिंगी. फार असली की विटेसारखा लाल. नसली तर निळा तो निळाच. सातवीत असल्यापासून हे काम माझ्याकडे. दादा ड्यूटीला जायच्या आधी, खाकी कपडे घालून, दाराबाहेर उभे राहायचे. आत यायचे नाहीत. बाहेरूनच विचारायचे, काय रंग आला रे?"

खाली टँकर सुरू होऊन फाटकाबाहेर गेला.

"एकदाही निळा राहिला नाही, साडूभाऊ. मी रोज त्या नळीकडे बघत बसायचो. इतकी वर्षं. एकदाही मला निळा म्हणून सांगता आलं नाही."

मी म्हणालो, "आज राहिला की."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग मान वळवून मागे घरात, जिथे त्या वेळी कुणीच उभं नव्हतं, तिकडे तोंड करून हळूच म्हणाले, "निळा, दादा."